म्हसोबाच्या डोंगरावर मुऱ्हाळी

आमच्या सोसायटीतल्या बायका सहलीहून आल्या की महिनाभर फोटो दाखवतात. कुणी बालीला जातं, कुणी दुबईला, आणि काहीच नाही जमलं तर निदान महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरीबरोबर फोटो काढून येतं. मी आत्ताच म्हसोबाच्या डोंगरावर जाऊन आले. जिल्हा बीड. हसू नका. तिथं विमान जात नाही, रेल्वे जात नाही, आणि शेवटच्या टप्प्यात रस्तासुद्धा जात नाही. जाहिरातीत ज्याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणतात, ते हेच असावं. तीन बाजूंनी तळं, चौथ्या बाजूला सरळ तुटलेला कडा, आणि माथ्यावर शेळ्या राखणारी चार घरांची वस्ती. तळं बांधलं तेव्हा डोंगराचा रस्ता पाण्याखाली गेला. पर्यायी रस्ता मंजूर आहे, तो नकाशातून खाली उतरायचाच काय तो बाकी आहे.

अशा ठिकाणी मी हौसेनं गेले असं समजू नका. मला पाठवलं माझ्या भावानं.

मी पुण्यात पोळीभाजीचे डबे चालवते. माहेर बीडचं. धाकटा भाऊ बाळासाहेब तिथंच असतो, आणि चौकातल्या फ्लेक्सवर त्याहून जास्त असतो. कुणाचाही वाढदिवस असो, शुभेच्छुकांत पहिला फोटो याचा. त्याच्या लेकीचं लग्न निघालं. मला, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीला, न्यायला त्यानं काय पाठवावं? लाइव्ह लोकेशन! मंगल कार्यालयाचा निळा ठिपका. "आक्का, ट्रॅव्हल्सनं ये, ठिपका बघत ये." आले बिचारी ठिपका बघत.

घरी पोचले तर अण्णा, म्हणजे आमचे वडील, भिंतीकडं तोंड करून बसलेले. गयाआत्या, अण्णांची एकुलती एक धाकटी बहीण, म्हसोबाच्या डोंगरावर दिलेली. तळं भरल्यापासून तिचं येणं बंद झालं. ती डोंगरावरून उतरेना, अण्णांचे गुडघे चढेनात. फोनवर बोलायची दोघं, पण नुसत्या आवाजानं भूक भागते का? अण्णांना आता दिसतंही कमी. त्यांनी एकच धरलं होतं, "गया आली न्हाई तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाई. डोळे हायेत तवर एकदा बघायची हाय मला ती."

"मग बोलावलं नाही का तिला?" मी विचारलं.

"बोलावलं की! व्हॉट्सअ‍ॅपला पत्रिका टाकली," बाळासाहेब म्हणाला. "गणपती हलतोय त्यात, सनई वाजतीय. आन् काय पाहिजे?"

पत्रिका गेली होती डोंगराखाली दूध गोळा करणाऱ्या लिंबाजीच्या फोनवर. आत्याकडं साधा बटनाचा फोन. लिंबाजीनं तिला हलता गणपती दाखवला. आत्यानं उलटा निरोप दिला, "आवतण फोननं आलंय, तर लग्नाला फोनच जाईल. मी यायची आसंल तर मुऱ्हाळी पाठवा."

पुण्यात हा शब्द कुणाला माहीत नसतो म्हणून सांगते. सासरी असलेल्या लेकीला सणाला, लग्नाला माहेरी घेऊन जायला जो माणूस येतो, तो मुऱ्हाळी. भाऊ, भाचा, नाहीतर चुलत्याचा पोरगा. तो दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालायचं, त्याला गोडाचं जेवू घालायचं, आणि मग सगळ्या आळीच्या देखत त्याच्याबरोबर निघायचं. आपल्याला कुणीतरी न्यायला येतं, हे सासरला दिसलं पाहिजे. बाई वाट चुकेल म्हणून नव्हे.

"मग जा की तू," मी बाळासाहेबाला म्हणाले.

"आगं आक्का, मांडववाला, केटरर, डीजेवाला, फेटेवाला… माझ्याशिवाय पान हलतंय का?" मग त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तू रिकामीच हायस. तूच जाऊन ये."

हळदीला तीन दिवस होते. मी गेले. माहेरवाशिणीला मुऱ्हाळी करून पाठवायची अक्कल आमच्याच घराण्याला सुचू शकते, आणि ती मान्य करायची अक्कल मला.

नेकनूरच्या पुढं

बीडहून एसटीत बसले तर शेजारच्या बाईनं गृहीतच धरलं की मी कपिलधारला निघाले. पुण्याहून आलेली बाई, हातात पिशवी, चेहऱ्यावर त्रास, म्हणजे दर्शनालाच. "म्हसोबाच्या डोंगराला" म्हटल्यावर तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की उतरताना मला तिच्या पिशवीतली दोन केळी मिळाली. "खावा बाई, तिथं काय गावत न्हाई."

नेकनूरला बाजार होता. एसटी बाजारातून गेली असं म्हणण्यापेक्षा बाजार एसटीतून गेला म्हणणं बरं. पुढच्या दारातून एक बोकड चढलं, मालकानं त्याचं तिकीट काढावं की नाही यावर कंडक्टरशी नांदूरघाटापर्यंत वाद घातला, आणि निकाल लागायच्या आत बोकड आणि मालक दोघं उतरून गेले. नांदूरघाटाला चहा घेतला. त्यात साखर इतकी, की चमचा टेकू न देता उभा राहावा. तिथून काळीपिवळी जीप. ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला तिघं आणि उजव्या बाजूला एक. होय, उजव्या बाजूला, दार आणि ड्रायव्हर यांच्या मधे. गाडी नक्की कोण चालवत होतं ते मी शेवटपर्यंत पाहिलं नाही, देवावर सोडलं.

बाहेर मात्र बघत राहावं असं होतं. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, कापूस फुटलेला, आणि गावंच्या गावं कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली. ओट्यावर म्हातारी माणसं आणि कोंबड्या तेवढ्या. थंडीचं ऊन कोवळं पडलेलं. पुण्यात असं ऊन दोन इमारतींच्या फटीतून दहा मिनिटं येतं आणि त्याचे आम्ही फ्लॅट घेताना जास्त पैसे भरतो.

तळं

जीप जिथं थांबली तिथं रस्ता संपला. संपला म्हणजे खरोखर पाण्यात शिरला. डांबर, मधली पांढरी रेघ, सगळं नीट उतारानं आत गेलेलं, जणू रस्त्यालाच आंघोळीची लहर आली. पाण्याच्या काठाला एक हिरवी पाटी होती, 'म्हसोबा डोंगर, पर्यटन स्थळ', आणि बाण तळ्याच्या बरोबर मध्यावर रोखलेला. आतमधे विजेचे खांब कमरेइतक्या पाण्यात उभे. पाटीशेजारी भूमिपूजनाच्या कोनशिला ओळीनं मांडल्या होत्या. एवढ्या दगडांत निम्मा पूल झाला असता.

लिंबाजी काठावर दुधाचे कॅन धूत होता. पन्नाशीचा, मिशाळ, बोलायला जड. त्याची बोट म्हणजे थर्माकोलचे जाड तुकडे खताच्या गोण्यांत भरून बांबूला आवळलेले, आणि तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला एक दोर. दोर धरून ओढायचं, की तराफा पलीकडं.

"बुडत नाही ना?" मी विचारलं.

"दूध कधी बुडालं न्हाई," तो म्हणाला. माणसांविषयी त्यानं काही सांगितलं नाही.

दुधाच्या रिकाम्या कॅनला मधली जागा, मला कडेची. इथं पहिला मान दुधाचा. माणूस थांबला तर नासत नाही, असं लिंबाजीचं साधं म्हणणं. "मधी हलू नका. शिंक आली तर आदुगर सांगा." मी शिंक दाबून, डोळे मिटून, जेवढे देव आठवले तेवढ्यांची नावं घेतली. अर्ध्यावर डोळे उघडले तर माझी डावी चप्पल शांतपणे पाटीच्या बाणाच्या दिशेनं चालली होती. सरकारी बाण पाळणारी पहिली वस्तू तीच असणार.

"आता?" मी ओरडले.

"दुसरीबी सोडा," लिंबाजी म्हणाला. "जोडी तरी ऱ्हाईल."

सोडली नाही. एका पायात चप्पल घालून डोंगर चढले. फुफाटा, काटे, आणि शेळ्यांनी पाडलेल्या वाटा. माणसाला एक वाट पुरते, शेळीला बारा लागतात. मधेच थांबून मागं पाहिलं तर तळं खाली निळं पसरलेलं, आणि त्यात डोंगराची अख्खी सावली पडलेली. छान होतं, खोटं कशाला बोलू? पण छान दिसणाऱ्या त्याच पाण्यानं आत्याचं माहेर तोडलं होतं, म्हणून तोंडभरून कौतुक काही करवेना.

माथ्यावर

गयाआत्या गोठ्यात होती. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, अंगाची पार काडी. मला पाहून तिनं हातातला पाला टाकला आणि माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"नंदे! आगं माजी लेक ती! आन् ही काय दशा? चप्पल कुठं हाय दुसरी?"

तिनं पहिल्यांदा स्वतःच्या वहाणा माझ्या पायात घातल्या. मग शेळीच्या दुधाचा चहा दिला. पुण्यात मी आल्याचा, गवती चहाचा, कसला कसला चहा करून विकते, पण हा प्याले आणि कप पुन्हा पुढं केला. जेवायला हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, वर लसणाचा ठेचा. नाकातोंडातून पाणी. चौथी भाकरी तिनं न विचारता टाकली आणि मी न लाजता खाल्ली. शेजारची जाऊ, आणखी दोघी म्हाताऱ्या, सगळ्या येऊन भिंतीला टेकून बसल्या. पाहुणी बघायला.

हात धुतले आणि विषय काढला. "आत्या, उद्या निघायचं. मी तुला न्यायला आलेय."

"बरं," ती म्हणाली. आणि दाराकडं बघत राहिली. "मागं कोन हाय?"

"कुणी नाही. मीच मुऱ्हाळी."

तिघी म्हाताऱ्या एकदम हसल्या. आत्या हसली नाही.

"कावून गं? तू माहेरवाशीण. तूच न्यायला आलीस? पुरुष माणसं सरली का आपल्या घरातली?"

"बाळू कामात आहे. अण्णांचे गुडघे…"

"ते ऱ्हाऊ दे. तुला पुन्याला कोन आलंतं न्यायला?"

आता काय सांगायचं? "लाइव्ह लोकेशन," मी म्हणाले.

"ते कोन? थोरल्या चुलत्याचं हाय का?"

मी फोन काढून तिला ठिपका दाखवला. ठिपक्याकडं तिनं बराच वेळ पाहिलं. मग फोन परत देत म्हणाली, "म्हंजी तुलाबी कुनी आलं न्हाई."

मी फोन पिशवीत टाकला. माझं लग्न झाल्यावर अण्णा दर दिवाळीला यायचे न्यायला, पुण्याच्या स्टँडवर धोतर सावरत उभे राहायचे. त्यांचं थांबलं, बाळूनं सुरूच केलं नाही, आणि मी 'माझी मी येते' म्हणत राहिले. म्हणताना मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी 'नको, मी येतो' म्हणेल. कुणी म्हणालं नाही.

"ह्या बघ," आत्यानं म्हाताऱ्यांकडं हात केला, "ह्येंच्याकडं मुऱ्हाळी येतेत. तराफ्यावरनं येतेत, भिजत येतेत, पन येतेत. मी न्यायला कुनी न आल्याली एकटीच हाय ह्या डोंगरावर. दादाला बघायला जीव लई तुटतो गं माजा. पन आपल्या पायानं गेले तर उद्या ह्या माळावर मला तोंड हाय का? मी न्हाई येत. आन् माजं ऐकशील तर तूबी जाऊ नको."

"म्हणजे?"

"हितंच बसू दोगी. येतील न्यायला."

झालं! माणसं उपोषणाला कलेक्टर कचेरीसमोर बसतात, आम्ही दोघी माहेरवाशिणी म्हसोबाच्या डोंगरावर बसलो. आणि खोटं नाही सांगत, मला आतून लई गार वाटलं.

टावरचा दगड

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मला माथ्याच्या टोकाला घेऊन गेली. तिथं एक मोठा दगड आहे, त्यावर उभं राहून उजवा हात वर केला की रेंज येते. त्याला टावरचा दगड म्हणतात. त्यावर चढून मी बाळासाहेबाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"आक्का, निघाल्या का? हळदीची तयारी…"

"निघालो नाही. निघणारही नाही. मुऱ्हाळी पाठव. दोघींना."

"दोघींना? आगं तू तर न्यायला गेलतीस!"

"गेलते. बसले."

"आक्का, असं काय करतीस? फेटेवाला दारात उभा हाय!"

"मग फेटेवाल्यालाच पाठव."

तिकडून खूप ओरडाआरडा झाला. 'पाहुणे काय म्हणतील', 'माझी इज्जत', 'आमदार येणार हायेत.' मग मधेच मागून अण्णांचा आवाज आला, "कुनाचा फोन हाय? गयाचा? काय म्हणती?" आणि रेंज गेली.

आत्या दगडाखाली उभी होती. अण्णांचा आवाज ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. "येतील का गं?" तिनं विचारलं. संप तिनं पुकारला होता, पण आता भीतीही तिलाच वाटत होती. हट्ट धरणं सोपं, आणि कुणी आलंच नाही तर? मग लग्नही गेलं, भाऊही गेला, आणि डोंगरावर तोंड दाखवायची सोयही गेली.

"येतील," मी म्हणाले. बाळूवर माझा दोन पैशांचा विश्वास नव्हता.

तो दिवस गेला. कुणी आलं नाही. आत्या शेळ्यांच्या मागं फिरली, मी तिच्या मागं. एक शेळी माझी ओढणी चावून गेली, दुसरीनं पिशवीतलं उरलेलं केळं सालासकट खाल्लं. संध्याकाळच्या शेंगोळ्यांना चव नव्हती.

मुऱ्हाळी

हळदीच्या आदल्या दिवशी, ऊन डोक्यावर यायच्या आत, जाऊबाई ओरडली, "गया, खाली बघ!"

पाटीपाशी पांढरी गाडी उभी होती. आणि तळ्यावर तराफा निघाला होता. तराफ्याच्या मधोमध मांडववाल्याची खुर्ची दोरानं बांधलेली, पाठीला गुलाबी सॅटीनचा बो तसाच लटकत होता. खुर्चीत पांढरा फेटा बांधून कुणीतरी ताठ बसलेलं. मागं बाळासाहेब, कडक इस्त्रीच्या कपड्यांत गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. फ्लेक्सवर असतो तसा अजिबात दिसत नव्हता. लिंबाजी दोर ओढत होता.

आत्याची नजर माझ्यापेक्षा चांगली. "आगं माय," ती म्हणाली, "दादा हाय."

आणि ती पळत सुटली. अनवाणी, कारण वहाणा माझ्या पायात होत्या. म्हातारी ज्या वेगानं उतरली त्या वेगानं शेळ्या उतरत नाहीत. मी खाली पोचेपर्यंत तराफा काठाला लागला होता आणि बाळासाहेब पँट पिळत होता.

अण्णा खुर्चीत बसूनच होते. त्यांनी मान वर करून डोंगराकडं पाहिलं, जेवढा दिसला तेवढा.

"गया, वर काय मला चढवत न्हाई गं. दारापतुर आलो न्हाई म्हणून रुसू नको."

आत्या काठावर उभी, धाप लागलेली. "हे पानी आलं तवापासून हाच माजा उंबरा हाय, दादा," ती म्हणाली. आणि खाली वाकून तिनं ओंजळीनं तळ्याचं पाणी घेतलं आणि अण्णांच्या पायावर घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. अण्णांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अगदी जवळ ओढून बघितलं.

"बारीक झालीस."

"तू काय जाड झालास का?"

मग दोघं रडली. बाळासाहेब दुसरीकडं बघत पँट पिळत राहिला. तिच्यात आता पाणी उरलं नव्हतं.

अण्णांनी मांडीवरची पिशवी उघडली. खण, नारळ आणि हिरवं लुगडं काढून आत्याच्या ओटीत घातलं. मी म्हटलं, झालं काम. तर त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला आणि आणखी एक हिरवी साडी काढली.

"नंदी कुठं हाय?"

"इथंच आहे अण्णा."

"ही तुजी. बाळू म्हनला, ती काय, येती आपली आपली. येती म्हनून काय न्यायचंच न्हाई का?"

मी रडले. लिहायची लाज नाही. इतक्या वर्षांत मी कुणापुढं बोलले नव्हते, आणि ह्या कमी दिसणाऱ्या माणसानं नुसतं फोनमधलं ऐकून ओळखलं होतं.

जायची वेळ झाली तेव्हा बाळासाहेब म्हणाला, "आधी दूध जाऊ द्या, लिंबाजीमामा चिडतेत." लिंबाजीनं भरलेल्या कॅनकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि कॅन उचलून काठावर सावलीला ठेवले. "आज न्हाई," तो म्हणाला, "आदी माहेरवाशिणी." अण्णांनी खुर्ची आत्याला दिली. गुलाबी सॅटीनला टेकून ती मागं वळून बघत बसली. माथ्यावर जाऊ आणि त्या दोघी म्हाताऱ्या ओळीनं उभ्या होत्या आणि सगळं बघत होत्या. तिला तेच हवं होतं. आत्याच्या एका हाताला अण्णा, दुसऱ्या हाताला मी, दोघंही थर्माकोलवर बसकण मारून. शिंक आली होती. सांगितली नाही, दाबली.

आता सोसायटीतल्या बायका मला विचारतात, "कसं जायचं हो तिथं?" मी सांगते, जायचं काय, कसंही जाता येतं, एसटी, जीप, थर्माकोल, चपला घालून किंवा न घालता. पण तिथून निघायचं असेल ना, तर कुणी न्यायला आल्याशिवाय निघू नका.